तिसरी कॉपी

महाळुंगे,
१ फेब्रुवारी २०२६

प्रिय बुद्धरत्न,

एका फोटोला खरं किती पडलं, ते आधी सांगतो. अकरा रविवार. एकेचाळीस हजार फोटो, एकेक करून, माउसवर बोट ठेवून. चष्म्याचा नंबर पाऊणनं वाढला. इंदू दोन रविवार माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या रविवारी जे बोलली त्यापेक्षा न बोललेली बरी होती. पिंपरीच्या माणसानं घेतले ते पैसे यात धरलेले नाहीत, ते सांगितले तर तू मला वेड्यात काढशील. आणि तुझे सव्वीस फोन, जे मी गेल्या तीन आठवड्यांत उचलले नाहीत. आज सकाळी मोबाइलमध्ये मोजले. तेही या फोटोच्याच खर्चात धर.

कुठला फोटो ते तुला कळलं असेल. पण मला सगळं क्रमानं सांगू दे, मधेच पत्र ठेवून फोन लावू नकोस. निगडी इथून किती लांब आहे? गाडीला किक मारली की अर्ध्या-पाऊण तासात तुझ्या दारात. दोनदा निघालोही. दोन्ही वेळा भक्ती-शक्ती चौकापर्यंत आलो, सिग्नलला थांबलो आणि वळून परत. फोनवर तर बोलताच येत नाही. माझे कान किती तिखट ते तुला माहीत आहे. फोनवर तू गप्प राहिलास की तुझा श्वास ऐकू येतो, आणि तो श्वास ऐकत मला खोटं बोलता येत नाही, खरंही बोलता येत नाही. म्हणून कागद. हे लिहितानाही चारदा उठलोय. एकदा शटर वर केलं, एकदा खाली केलं, एकदा उगाच समोरच्या खंडूच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "शेठ, काय हरवलंय का?" मी म्हटलं, नाही, सापडलंय.

भोसरीचा तो प्रेस शॉप आठवतो ना? तू आणि मी एकाच आठवड्यात हेल्परला लागलो, मी जिंतूरहून आलेला, तू तुझ्या आईचं बोट धरून इथंच वाढलेला. मशीनच्या खडखडाटात सगळे बहिरे व्हायचे आणि मला मात्र तिथंच ऐकायला यायला लागलं. कुठल्या प्रेसचा क्लच घसरतोय, कुठल्या मोटरचं बेअरिंग जाणार, मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून सांगायचो. फोरमन म्हणायचा, याचे कान कापून क्वालिटी डिपार्टमेंटला द्या. तू ऑपरेटर झालास, माझं मन काही रमेना. ओव्हरटाइमच्या पैशातून जुना कॅमेरा घेतला आणि कंपन्यांच्या गेटवर कामगारांचे गेटपासचे फोटो काढायला लागलो. पांढरा पडदा धरायला कोण होतं? तूच. नाइट शिफ्ट करून सकाळी डोळे चोळत पडदा धरून उभा राहायचास आणि लायनीतल्या पोरांना म्हणायचास, "हसू नका रे, पास आहे, लग्नाचा बायोडाटा नाही." पुढं महाळुंग्यात गाळा घेतला, सेफ्टी वीक, रक्तदान शिबिर, दसरा, निरोप समारंभ, निघोज्यापासून चाकणच्या चौकापर्यंत कुठल्याही कंपनीत स्टेजसमोर गुडघ्यावर बसलेला माणूस दिसला तर तो मीच, इथपर्यंत गाडी आली. हे मी सगळ्यांना सांगतो. पडदा कुणी धरला होता हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं.

पोरगी बंगळूरला नोकरीला गेली तेव्हा जाताना माझी सगळी घडी बसवून गेली. पिंकीचं म्हणणं साधं होतं. "बाबा, कार्ड आल्या आल्या रिकामं करायचं नाही. आधी कॉम्प्युटरवर घ्यायचं, मग तीन डिस्कवर तीन कॉपी, आणि तीन डिस्क तीन घरांत. आग लागो, चोरी होवो, पूर येवो, तीन घरं एकदम जात नाहीत." इंटरनेटवर ठेवायचंही म्हणाली होती, मी नको म्हटलं, माझ्या गिऱ्हाइकांच्या लेकी-सुना परक्याच्या मशीनवर कशाला. तिनं अशीही सोय करून दिली होती की कार्ड लावलं की कॅमेऱ्यातल्या तारखेप्रमाणे आपोआप फोल्डर पडतील. ते मी बंद केलं. मला गिऱ्हाईक तारखेनं आठवत नाही, कंपनीच्या नावानं आठवतं. फोल्डरला नाव मी हातानं द्यायचो, कंपनी, कार्यक्रम, साल. बाकी तिची शिस्त मी पाळली. एक डिस्क दुकानात, एक घरी इंदूच्या कपाटात, आणि तिसरी तुझ्याकडे.

तुझ्या आईंनी, सरूबाईंनी, ती कशी ठेवली होती, आठवतं का? मी प्लॅस्टिकच्या पाकिटात आणून दिली तर म्हणाल्या, "एवढं लग्नाकार्याचं यात हाय आणि असं उघडं ठिवतोस व्हय?" आणि फराळाचा स्टीलचा डबा रिकामा करून, आत जुन्या लुगड्याची घडी घालून, डिस्क त्यात ठेवून झाकण दाबून बसवलं. दर महिन्याच्या शेवटी मी यायचो, डबा उघडून डिस्क काढायचो, तुझ्याच घरी चहा पीत नवे फोटो भरायचो, परत डब्यात. मी चारचौघांत मिरवायचो की उद्धवच्या हातून आजवर एक फोटो हरवला नाही. तुझ्या आईंचा डबाही त्यात होता, पण तोही सांगायचा राहून जायचा.

आता तो फोटो. बावीस सालची खंडेनवमी. तुझ्या कंपनीत मी सकाळपासून होतो, मशीन धुऊनपुसून ठेवलेली, झेंडूचा वास आणि कटिंग ऑइलचा वास एकत्र. तिथली रीत तुला मी काय सांगू, मशीन ज्याच्या हाताखाली चालतं त्यानंच त्याला हार घालायचा. मॅनेजर नारळ फोडेल, पण हार ऑपरेटरचा. प्रेस नंबर चारपाशी सुपरवायझरनं तुझ्या हातात हार दिला. तू म्हणालास, "साहेब, मी नारळ फोडणार नाही, आरतीला उभा राहणार नाही. उद्या मला देहूरोडला विहारात जायचंय. पण हे मशीन रोज माझ्या हातानं चालतं, हार मी घालतो." सुपरवायझर म्हणाला, "भावा, मशीन तुझं, हार तूच घाल, बाकी आम्ही बघतो." आणि तू हार घालताना मी क्लिक केलं. तू मान वळवून माझ्याकडे बघत म्हणत होतास, "उद्धव, मशीनचे डोळे मिटले नाहीत ना, बघ." त्या फोटोची प्रिंट मीच तुला लॅमिनेट करून दिली. ती तुझ्या टीव्हीच्या वर अजून आहे.

दिवाळी उरकून आठ-दहा दिवस झाले होते तेव्हा त्याच मशीननं तुझ्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. त्यावर मी इथं काही लिहीत नाही. कंपनी म्हणाली, हा ऑपरेटर नाहीच, कॉन्ट्रॅक्टरचा साफसफाईचा माणूस, एक नोव्हेंबरला लागला आणि परवानगी नसताना प्रेसवर गेला. कॉन्ट्रॅक्टरनं तसा कागदही दाखवला आणि मग ऑफिसला कुलूप लावून गायब झाला. तुझ्याबरोबर काम केलेल्या पोरांपैकी कुणी साक्षीला यायला तयार नाही, सगळ्यांच्या घरात हप्ते आहेत. तुझ्या वकील आम्रपाली मॅडम प्रिंट बघून म्हणाल्या, "फोटो उत्तम आहे, पण यावर तारीख कुठं आहे? हा एक नोव्हेंबरनंतर, अपघाताच्या आधीच्या चार दिवसांत काढला असं ते म्हणतील." तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून काय म्हणालो, ते तुला पाठ असेल. "मॅडम, प्रिंटवर नसते. मूळ फाइलच्या पोटात असते. कॅमेरा स्वतः लिहितो, दिवस, तास, मिनिट, सेकंद. कुणाच्या बापाला नाकारता येणार नाही. आणि ती फाइल माझ्याकडे एक नाही, तीन घरांत आहे." मॅडमनी वहीत लिहून घेतलं. तू रिक्षात माझ्या खांद्यावर तो हात ठेवलास, दोन बोटांचा, आणि घरापर्यंत काढला नाहीस.

हे गेल्या ऑगस्टमधलं. मॅडमना फक्त फाइल आणि माझी एक सही हवी होती, की फोटो मी काढला. दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, गणपती उरकू दे. गणपती उरकले, म्हटलं, पितृपंधरवडा आहे. तू एकदाही तगादा लावला नाहीस. आता तुला सांगतो, तो गणपतीचा प्रश्न नव्हता. त्या कंपनीचं माझं वर्षाचं काम दसऱ्याला पक्कं होतं, आणि माझ्या धंद्यातला निम्मा भाग त्या एका गेटमधून येतो. मी मनाशी म्हणत होतो, दसरा होऊ दे, कागद हातात येऊ दे, मग देतो. मित्राला फसवत नाहीये, फक्त वेळ पुढंमागं करतोय. असं मी स्वतःला चांगलं समजावतो, गिऱ्हाइकाला समजावतो त्याहून चांगलं.

खंडेनवमीच्या सकाळी मी तुझ्याकडे डबा न्यायला आलो. दरवर्षी नेतो तसाच. कॅमेरे, लेन्स, लाइट, कॉम्प्युटर आणि तिन्ही डिस्क एका टेबलावर, नवं कापड, झेंडू, हळदकुंकू. हत्यार आहे माझं ते. वर्षाचा एकच दिवस सगळी हत्यारं एकत्र. तू दारात उभा होतास, म्हणालास, "राहू दे की इथंच. पिंकी काय म्हणाली होती, तीन घरं म्हणून?" मी म्हटलं, "एका दिवसानं काय होतंय, राव. तू पूजा करत नाहीस म्हणून काय डिस्कनं पण करायची नाही?" तू हसलास. सरूबाई आतून ओरडल्या, "डब्यासकट न्हे, आन् डबा माघारी आण, तुझ्या फोटूच्या नादात माझा डबा जायचा." म्हणून ती एक डिस्क पूजेत डब्यातच राहिली. झाकणावरच हळदकुंकू वाहिलं.

दुपारी पूजा केली, समईत तेल काठोकाठ भरलं, कारण दिवा दसऱ्यापर्यंत राहायला हवा, आणि शटर ओढून घरी जेवायला गेलो. पाचच्या सुमाराला खंडूचा फोन आला. झेंडूची माळ सुकून वातीवर आली की कापड वाऱ्यानं हललं, देव जाणे. त्यानं पहारीनं कुलूप तोडलं, पंक्चरच्या टाकीतलं पाणी बादल्यांनी मारलं, माणूस म्हणून त्याचे उपकार. दुकान वाचलं, पण वरचे काही पत्रे आणि टेबल गेलं. कॅमेरे गेले, कॉम्प्युटर गेला, टेबलाच्या खणातली बिलं आणि डायऱ्या गेल्या. दोन डिस्क वितळून टेबलाला चिकटल्या होत्या. मी तुला तिथूनच फोन केला, तिन्ही गेल्या म्हणून. तू म्हणालास, "तुला भाजलं नाही ना? मग जाऊ दे भावा. तुझं दुकान गेलं आणि तू माझ्या फोटोचं काय घेऊन बसलास." संध्याकाळी येऊन डाव्या हातानं राख भरू लागलास.

त्या राखेत उभं राहून मला काय वाटलं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इंदूलाही नाही. छाती भरून रडायला येत होतं, दुकानासाठी. आणि त्याच्याखाली, अगदी खाली, काहीतरी सैल झालं. सही करायचा प्रश्नच मिटला होता. माझ्या हातात काही राहिलंच नव्हतं, तर मी काय करणार? तू समोर वाकून राख गोळा करत होतास आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. चार महिने झाले, ते सुटणं अंगाला चिकटलंय. झोपलो तरी कूस बदलत राहतो.

कंपनीच्या एचआरच्या साहेबांचा दुसऱ्या दिवशीच फोन आला. फार वाईट वाटलं म्हणाले, उसना कॅमेरा मिळवून देतो म्हणाले, या वर्षीचं काम तुमच्याकडेच म्हणाले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "जुनं सगळंच गेलं का हो?" मी म्हटलं, सगळंच. ते म्हणाले, "अरेरे." त्या अरेरेच्या मागे त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मला कळलं तो कसला श्वास आहे, कारण तोच मीही सोडला होता.

डबा मात्र राहिला होता. काळा झालेला, झाकण घट्ट बसलेलं. सरूबाईंना माघारी द्यायचा म्हणून आठवड्यानं घासायला घेतला आणि झाकण पक्कडीनं उचकटलं. आत लुगडं करपलं होतं, डिस्कची वायर वितळली होती, पण डिस्क डिस्कसारखी दिसत होती. मी ती पिंपरीत घेऊन गेलो, डेटा काढून देतो त्याच्याकडे. मनाशी म्हणालो, लग्नवाल्या गिऱ्हाइकांसाठी. त्यानं डिस्कच्या खालची हिरवी सर्किटची पट्टी बदलली, करंट दिला, आणि स्क्रीनकडे बघत बसला. मी बघितलं नाही, कान लावला. टकटक नव्हती. आतली चकती सूं करत एका सुरात फिरत होती. त्याच्या आधी मी सांगितलं, "जिवंत आहे." त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं.

वीसेक दिवसांनी त्यानं जे हातात दिलं ते म्हणजे ढिगारा. फोटो आले होते, पण फोल्डर गेले, नावं गेली. माझी हातानं घातलेली सगळी नावं, कंपनी, कार्यक्रम, साल, काही नाही. नुसते आकडे. कुणाच्या हळदीनंतर कुठलं रक्तदान, बारशानंतर गेटपास. इंदू म्हणाली, पोरगी सुट्टीला येईल तेव्हा लावून देईल. पण मला धीर धरवेना. गिऱ्हाइकांसाठी म्हणत दर रविवारी बसायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या रविवारी स्वतःशी कबूल केलं की मी गिऱ्हाइकांचे फोटो नुसते पुढं सरकवतोय, शोधतोय एकच.

शोधताना तू भेटत राहिलास. भोसरीच्या शॉपमधल्या गणराजच्या लग्नात पंगतीत बसलेला, भाताचा डोंगर कालवतोयस, उजव्या हाताची पाची बोटं वरणात. क्रिकेटच्या सामन्यात कप उचललेला. माझ्या गाळ्याच्या उद्घाटनाला नारळ फोडणार नाही म्हणून फीत कापणारा, कात्री उजव्या हातात. पिंकीच्या दहावीच्या सत्काराला टाळ्या वाजवणारा. मी मोजायचं नाही म्हणत होतो, तरी मोजले. ढिगाऱ्यात तुझा उजवा हात एकशे बारा फोटोंत आहे. तू स्वतः तेवढा कधी बघितला नसशील. ते मी वेगळे काढून ठेवलेत, हवे असतील तर देईन, नको असतील तर तसं सांग, वाईट वाटून घेणार नाही.

अकराव्या रविवारी, दुपारचं जेवण टाळून बसलो होतो, तो आला. प्रेस नंबर चार, झेंडू, तू, मान वळवलेली. मागे सुपरवायझर, हातात नारळ. तुझ्या शर्टावर कॉन्ट्रॅक्टरचं नावसुद्धा वाचता येतं. मी खुर्चीवरून उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो, परत उठलो. तुला फोन लावला आणि पहिली रिंग जायच्या आत कट केला. त्या दिवसापासून तुझे फोन उचलणं बंद केलं. तू बिचारा काय विचारायला करत होतास तेही मला माहीत आहे, व्हॉइस मेसेज ऐकलेत सगळे. "भावा, जेवतोस ना नीट?" "भावा, पत्रे बसवले का दुकानाला, मी येऊ का?" एकदाही फोटोचा विषय नाही. कोर्टाची तारीख नऊ फेब्रुवारी आहे हेही तू मला सांगितलं नाहीस. मॅडमना विचारून मी माहीत करून घेतलं.

परवा सव्वीस जानेवारीला कंपनीत झेंडावंदनाचे फोटो काढायला गेलो होतो. चहाच्या वेळी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून लेन्स पुसत होतो. आतल्या खोलीत दार अर्धवट लोटलेलं. साहेब कुणाशी तरी बोलत होते, नऊ तारखेचं. समोरच्यानं विचारलं, "तो फोटोवाला काही घेऊन येणार नाही ना?" साहेब म्हणाले, "त्याचं सगळं जळालंय. आणि नसतं जळालं तरी काय, तो आपलाच माणूस आहे." दोघंही हसले, वाईट नाही, घरच्यासारखे. दुसरा कुणी असता तर त्याला ते ऐकू आलं नसतं. मी लेन्स पुसत राहिलो. आपलाच माणूस. पंचवीस वर्षं मी हेच कमवायला धडपडलो, बुद्धरत्न, की कुठल्याही गेटवर मला कुणी अडवू नये, हा आपलाच आहे म्हणावं. ते मिळालं होतं, आणि ऐकून मला बसवेना. चहा न घेताच बाहेर पडलो.

तर पत्र कशासाठी ते सांगतो. फोटो जळालेला नाही. तीन आठवडे माझ्याकडे आहे आणि मी तुला सांगितलं नाही. नऊ तारखेला मी तो घेऊन कोर्टात येतो, आणि नुसती सही करून मागे उभा राहणार नाही, पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर सांगणार आहे की हा फोटो मी काढला, चार ऑक्टोबर दोन हजार बावीसला, प्रेस नंबर चारवर, आणि हार ज्याच्या हातात आहे तो त्या मशीनचा ऑपरेटर होता. मॅडमशी बोलणं झालंय. कंपनीचे वकील मला सोलून काढतील म्हणाल्या, तयारी ठेवा. कंपनीचं काम जाईल, पिंकीला आणि इंदूला तसं सांगून ठेवलंय. पिंकी एवढंच म्हणाली, "बाबा, मग आता तरी डिस्क तीन घरांत ठेवा." सरूबाईंना डबा उद्या आणून देतो, चकचकीत केलाय. तू तेव्हा घरी असलास तर असशील, दार लावून घेतलंस तरी मला समजेल. आणि मीच का उभं राहायला हवं, फोटो एकटा का पुरत नाही, तेही तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं. बावीस सालचा तो कॅमेरा मी जुनाच घेतला होता, आतला घड्याळाचा बारका सेल मेलेला. बॅटरी बदलली की दरवेळी तारीख विचारायचा, आणि मी दरवेळी घाईत ओके दाबून पुढं जायचो. तू मशीनला हार घालतोयस त्या फाइलच्या पोटात लिहिलंय, एक जानेवारी दोन हजार चौदा, बारा वाजून सहा मिनिटं.

तुझाच,
उद्धव